शिवेवरची ठाणी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१७ जून २०२५

मेघा,

पाकिटावरचं माझं नाव बघूनही तू हे उघडलंस, याबद्दल आधी आभार. एम.ए.ची दोन वर्षं तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचीस. त्यानंतरच्या तेरा वर्षांत आपण एकमेकींना एक ओळही लिहिली नाही. आज लिहायचं कारण तुझा भाऊ आहे.

परवा सकाळी दाराची बेल वाजली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला उंच माणूस उभा. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी अभय. आपल्या लोणखेडीच्या कडुबाचा. मेघाचा भाऊ." त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तुझं पुस्तक होतं. तू आईसाठी पाठवलेली प्रत.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं काम सांगितलं. "आई म्हणती, पोरगी बारा वर्सं परमुलखात बसून काय लिवती ते मला कळलं पायजे. मी वाचाय बसलो, तर पयल्या पानावरच गाडी अडकली. इंग्रजी कंपनीपुरतं येतं हो, हे नाय येत. मग आईच म्हणली, त्या मॅडमकडं जाय. त्यांनीच शिकिवली ना मेघाला?"

पारूबाईंना आपल्यातलं काही माहीत नाही, हे मला तिथंच समजलं. तू घरी सांगितलं नाहीस. मी अभयला काही बोलले नाही, पुस्तक ठेवून घेतलं.

दोन दिवसांत वाचून काढलं. सव्वीसशे-सत्तावीसशे वर्षांपूर्वी ग्रीक लोक जहाजांतून इटलीच्या दक्षिणेला आणि सिसिलीत उतरले, तिथं त्यांनी शहरं वसवली, हे मी तीस वर्षं शिकवलं. पण मी शहराच्या तटापाशी थांबत होते. तू तटाबाहेर पडलीस. झऱ्यापाशी, नदीच्या मुखाशी, शेतांच्या टोकाला असलेली त्यांच्या देवांची ठाणी तू एकेक करून बघितलीस, आणि शहर कसं जगलं ते बाहेरच्या या जागांवरून सांगितलंस. छान लिहिलंयस. मास्तरकीच्या भाषेत नाही म्हणत, खरंच छान.

तर तुझी परवानगी असो वा नसो, मी हे मराठीत करून पारूबाईंना वाचून दाखवणार आहे. शिफारसपत्राच्या वेळी टपालात उशीर होऊन जो घोळ झाला, त्याची थोडी भरपाई समज.

प्रमोदिनी कुलकर्णी

२० जुलै २०२५

मेघा,

उत्तर नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही.

दर गुरुवारी मी चितेगावला जाते. पैठण रोडची बस धरते, कारखान्यांच्या फाटकांशी उतरते आणि अभयच्या खोल्यांपर्यंत चालत जाते. पारूबाई ओट्यावर सुपात काहीतरी घेऊन बसलेल्या असतात. आपण नुसतं ऐकत बसावं हे त्यांना पटत नाही. मलाही बसू देत नाहीत. परवा मी तुझं दुसरं प्रकरण वाचत शेंगा फोडल्या. कागदावर टरफलं, टरफलांवर चष्मा.

पहिल्या दिवशी मी फार अवघड वाचलं. 'वसाहतकालीन ग्रामीण देवस्थानांचे प्रादेशिक कार्य' असं काहीतरी. पाच मिनिटं ऐकून त्या म्हणाल्या, "मॅडम, ही माझ्या पोरीची बोली नाय."

घरी येऊन सगळं फाडलं. आता असं वाचते: "माणसं परक्या मुलखात उतरली. घरं बांधली, तट बांधला. पण पिकाची जमीन तटाबाहेर. मग शेताच्या टोकाला, झऱ्यापाशी, त्यांनी देवीचं ठाणं केलं. वर्षातून एकदा अख्खं शहर चालत तिथं जायचं. चालून चालून सांगायचं, की इथपर्यंत आमचं."

"शीव," पारूबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दानं माझी चार पानं सुटली. मी 'सीमावर्ती प्रदेश' लिहून बसले होते.

मग मी तुझी पुढची बाजू वाचली. ते ठाणं नुसतं मालकी सांगायला नव्हतं. त्या मुलखातली आधीची माणसंही जवळपास राहत होती. काही ठाण्यांवर ग्रीक घडणीची भांडी आणि त्या मूळ लोकांच्या घडणीची भांडी एकाच थरात सापडतात. म्हणजे शीव ही तोडायची जागा, तशीच भेटायचीही. पारूबाईंचा हात सुपात थांबला. म्हणाल्या, "खरं हाय ते. गावात मधोमध बसलेल्या देवापुढं जो तो आपल्या जागेवर उभा ऱ्हातो. रानात गेलं की जरा सरकासरक व्हती." मग म्हणाल्या, "आमच्या लोणखेडीत मात्र रानातबी सरकासरक झाली नाय."

मी पान उलटलं. त्या दिवशी वाचन तिथंच संपवलं.

सिसिलीतल्या बायकांचा भाग त्यांना लई आवडला. (बघ, मीही 'लई' लिहायला लागले.) शहराबाहेर, नदीपलीकडे धान्याच्या देवीचं ठाणं, बायका तिथं जमून रांधायच्या, जेवायच्या, आणि निघताना भांडी वाळूत पालथी पुरून यायच्या. ती पालथी का, यावर विद्वानांची पुष्कळ मतं तू दिलीयस. मी सगळी वाचली. पारूबाई म्हणाल्या, "पालथं घातलं म्हंजी काम झालं. आता पुन्यांदा कुणी मागू नगा. त्यात इतकं काय?"

हे मत तुझ्या पुस्तकात नाही. पुढच्या आवृत्तीत घालावंस, असं तुझ्या जुन्या शिक्षिकेचं सुचवणं आहे.

माझं बरं चाललंय. गुरुवार आला की सकाळपासून घाई असते. निवृत्तीनंतर घाई म्हणून काही उरलंच नव्हतं.

प्रमोदिनी

२४ ऑगस्ट २०२५

मेघा,

आजचं पत्र मी चार वेळा सुरू केलं.

परवा आम्ही तिसऱ्या प्रकरणाशी आलो. ठाण्यात आत कोण जायचं आणि बाहेर कोण थांबायचं, हा तुझा प्रश्न. तू प्रामाणिकपणे लिहिलंयस की दगडमातीवरून हे ठाम सांगता येत नाही. पण प्रश्न विचारणं सोडता कामा नये. मी वाचून थांबले. पारूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, आणि विचारल्याशिवाय सांगायला लागल्या.

"म्या नऊ वर्सांची असंल. माझं माहेर अन् सासर दोनी लोणखेडीच. शिवेवर जाखाई. जत्रंला समदं गाव रानात जायाचं. आमच्या घरात तवर बाबासाहेबांची तसबीर लागली व्हती. आई म्हणली, आपल्याला तिथं काय काम, जाऊ नगं. पर पोरी निघाल्या, म्याबी निघाले. समद्या पोरी पायऱ्या चढून आत जाऊन आल्या. म्याबी चढले. तर आतून तुमचे वडील आले."

"दत्तोपंत," मी म्हणाले.

"व्हय. रागावलं नाय बरं का. लई हळू बोलले. म्हणले, पोरी, तू तिथूनच. म्या खाली उतरले. हळू बोलले म्हणून उतरले. वराडले असते तर कदाचित नसते उतरले."

मेघा, मी त्या दिवशी आत होते. पहिल्या नैवेद्याचा मान आमच्या घराचा. मी दहा वर्षांची, ताट धरून उभी. खाली उतरणारी ती मुलगी मी पाहिली आणि मला काहीही वाटलं नाही. जग असंच असतं असं वाटलं. मी पारूबाईंना म्हणाले, "मी आत होते."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हिरवा परकर व्हता तुमचा. जरीचा."

सत्तावन्न वर्षं त्यांनी माझा परकर लक्षात ठेवला. मला तर तो आठवतही नव्हता.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुझ्या शिफारसपत्राला टपालात उशीर झाला नव्हता. मी ते टाकलंच नाही.

तुला मी सांगितलं, टाकलं. तू माझ्या पाया पडून गेलीस. पाकीट सीलबंद करून माझ्या पर्समध्ये होतं. पहिल्या पत्रात तुला लिहिलं की टपालात उशीर झाला; तेही खोटं. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की हात आपोआप तसा चालला.

कारण तुला हवं असेल. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की पोरीला ग्रीक येत नाही, परदेशात एकटी तग धरणार नाही, तिच्या भल्यासाठीच. पण खरं असं, की पाकीट बंद करण्याआधी मी तुझा अर्ज वाचला. त्यात तू लिहिलं होतंस, 'माझ्या गावच्या शिवेवर जाखाईचं ठाणं आहे. पहिला मान कुलकर्ण्यांचा. माझ्या आईला पायरीवरून परत पाठवलं होतं. जगात दुसरीकडे शिवेवरची ठाणी कशी होती, हे मला शोधायचं आहे.' वडील तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. तू त्यांचं नाव लिहिलं नव्हतंस. लिहायची गरज नव्हती.

वर्गातही तू एकदा विचारलं होतंस, "मॅडम, आत कोण जायचं?" आणि मी म्हणाले होते, असे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. सगळा वर्ग हसला. तू बसलीस.

तुझं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या सरांनी पत्र दिलं म्हणून तू जाऊ शकलीस. कडुबा वारले तेव्हा तू चार दिवस आलीस हे मला कळलं होतं. मी आले नाही. माझी हिंमत झाली नाही.

क्षमा मागते. ती मिळावी म्हणून नाही. मागायची राहिली होती म्हणून.

पारूबाईंना मी हेही सांगितलं. परवाच, त्याच ओट्यावर. त्या म्हणाल्या, "ते मेघाचं अन् तुमचं. तिला लिवा. फुडलं पान वाचा."

मी पुढलं पान वाचलं.

प्रमोदिनी

५ ऑक्टोबर २०२५

मेघा,

तुझं पाकीट आलं. पोस्टमननं सही मागितली, तर मी भलत्याच ओळीवर केली. तो म्हणाला, "काकू, बसून करा आरामात."

मायना नाही, खाली सही नाही. अभयनं फोनवरून पाठवलेली माझ्या भाषांतराची पानं तू छापून घेतलीस आणि लाल शाईनं तपासून परत पाठवलीस. सत्तेचाळीस पानं. समासात जागा उरली नाही तिथं मागच्या बाजूला लिहिलंयस. 'इथं जोर चुकला.' 'हे मी म्हटलेलं नाही, हे तुमचं.' 'पान नऊ: झरा म्हणा, जलस्रोत नको.' 'पान एकवीस: वाक्य लांबलं. तोडा.'

वर्गात तुझे पेपर मी असेच तपासायची. मला हसू आलं, आणि मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं.

शेवटच्या पानामागं तीन ओळी होत्या. त्या मला पाठ झाल्यात, तरी इथं लिहिते, म्हणजे मी नीट वाचल्या याची तुला खात्री पटेल. 'पत्र टाकलं नाही हे मला त्याच महिन्यात कळलं होतं. तिथल्या विद्यापीठाच्या ऑफिसात चौकशी केली होती. आईला सांगितलं नाही, कारण तिला वाटत होतं की निदान एक माणूस आपल्या बाजूनं आहे.'

क्षमा केली असं तू लिहिलेलं नाहीस, आणि मी ते ओळींच्या मध्ये शोधणार नाही. तू सत्तेचाळीस पानं तपासलीस. माझ्यासाठी ते पुष्कळ झालं.

सगळ्या दुरुस्त्या केल्या. एकाच ठिकाणी तुझं ऐकलेलं नाही. पान तेहतीसवर तू 'सीमेवरील देवस्थान' सुचवलंयस. तिथं 'शिवेवरचं ठाणं' हेच राहील. तो शब्द तुझ्या आईचा आहे. भांडायचं असेल तर तिच्याशी भांड.

तुझ्या होकाराशिवाय एकही पान छापायला जाणार नाही, हे मात्र लेखी देते. पुस्तकावर नाव तुझं, खाली भाषांतरात दोन नावं: माझं आणि पारूबाईंचं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला सही येती. अंगठा छापू नगा."

आता एक बातमी. पारूबाई म्हणतात, लोणखेडीला जायचं. जाखाईच्या ठाण्यावर. मी विचारलं, "दर्शनाला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी वरमले. "मला देवीकडं काम नाय मॅडम. जागा बघायचीय."

प्रमोदिनी

१६ नोव्हेंबर २०२५

मेघा,

काल जाऊन आलो. पाय दुखतायत, पण आजच लिहिते, नाहीतर मी सुधारून लिहीन.

अभयनं सुट्टी घेऊन गाडी काढली. सिल्लोडला चहा घेतला. सिल्लोडच्या पुढं रस्त्याला मका वाळत घातलेला, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. लोणखेडीत आम्ही गावात गेलोच नाही. पारूबाई म्हणाल्या, "गाव म्या रोज बघितलंय. सरळ रानात घे." गाडी बांधापर्यंत गेली. पुढं आम्ही दोघी चालत. अभय गाडीशी थांबला. म्हणाला, "तुमचं तुमी बघून या."

ठाणं माझ्या आठवणीत मोठं होतं. उंच जोतं, रुंद पायऱ्या, आत अंधार आणि घंटा. प्रत्यक्षात पाच पायऱ्या आहेत, मेघा. पाच. बाजूला कडुनिंब, पलीकडं दुसऱ्या गावाची हद्द सुरू होते. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आसपास कुणी नव्हतं.

पारूबाई पहिल्या पायरीशी थांबल्या. मला वाटलं दमल्या. मी हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही. पदर खोचला, चपला काढल्या नाहीत, आणि एकेक पायरी चढून वर गेल्या. कडी काढली. आत डोकावल्या, मग आत गेल्या. मी खालीच उभी राहिले. मला त्यांच्या मागं जावंसं वाटेना. एकदा तरी मी खाली थांबावं, असं वाटलं असेल. की नुसती भीती होती, ते अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "मॅडम, या की. काहून थांबल्या?"

मी वर गेले. चार माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी जागा. शेंदूर लावलेला एक दगड, त्याच्यापुढं सुकलेला हार, कोपऱ्यात फुटकी पणती. भिंतीला ओल. पारूबाईंनी सगळीकडं एकदा फिरून बघितलं. फिरायला दोन पावलंच लागली.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "एवढंच."

"ह्याच्यासाठी?"

त्यांना रडू येईल असं वाटलं, पण त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवून. "अवं, माझ्या मनात केवढं मोठं व्हतं हे! म्या तर समजत व्हते आत लई काय काय आसंल." त्यांचं बघून मीही हसले. त्या अंधाऱ्या, ओल्या खोलीत आम्ही दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. अभय बांधावरून हाका मारायला लागला, काय झालं म्हणून.

बाहेर आलो तर शेजारच्या वावरातल्या कापूस वेचणाऱ्या बाया भाकरी खायला कडुनिंबाखाली जमत होत्या. सात-आठजणी. दोघी लोणखेडीच्या, बाकीच्या शिवेपलीकडच्या गावच्या, त्यातल्या दोन मुसलमान. ही सावली दोन्ही गावांतल्या मजूर बायकांची नेहमीची दिसली. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, भाकरी आणि ठेचा पुढं केला. आम्हीही अभयच्या बायकोनं दिलेले धपाटे सोडले.

एकीनं विचारलं, "कुटून आलात? नवस व्हता का?"

"नाय," पारूबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीनं ह्या जागेवर पुस्तक लिवलंय. म्हंजी ह्या नाय, अशाच. समुद्रापल्याड."

बाया हसल्या. खरं वाटेना. एक तरुण होती, वच्छला नावाची. ती म्हणाली, "मावशी, काय हाय त्या पुस्तकात? सांगा ना."

मी सवयीनं घसा साफ केला. पिशवीत दुरुस्त केलेली पानं होतीच. पण सगळ्या पारूबाईंकडं बघत होत्या, आणि पारूबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवून सांगायला सुरुवातही केली होती.

"लई वर्सांमागं, जहाजांत बसून माणसं परक्या मुलखात उतरली बगा. त्यांना तिथलं कुणी वळखत नव्हतं. त्यांनी गाव बांधलं, गावाला तट बांधला. आतल्या माणसाला वाटलं, झालं, आपुन आत, बाकीचे भाईर. पर भूक काय तटाच्या आत भागती व्हय? वावर भाईर, पाणी भाईर. मग भाईर जावंच लागलं. अन् जिथं गेले तिथं आधीची माणसं व्हतीच. तवा त्यांनी शिवेवर एक ठाणं केलं…"

तिसरं प्रकरण आलं तेव्हा मी कान टवकारले. आत कोण जायचं, हे त्या कसं सांगतात ते मला ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "आत कोण जायाचं ते माझ्या पोरीला नाय गावलं अजून. तिनं तसं सरळ लिवलंय, की मला ठावं नाय. पर ती म्हणती, विचारीत ऱ्हायाचं. आज म्या आत जाऊन आले, तर तिला सांगन, आत काय बी नाय. जे हाय ते हितं भाईर हाय, सावलीत."

वच्छलानं विचारलं, "अन् मग त्या बाया निघताना भांडी काहून पुरायच्या?"

त्यांनी तेही सांगितलं. मध्ये एकदा इटलीतल्या एका शहराचं नाव त्यांच्या जिभेवर अडलं. मी हळूच सांगितलं, "मेतापोन्तो." त्यांनी मान हलवली आणि 'मेतापूर' असं करून पुढं गेल्या. मी दुरुस्त केलं नाही. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. ठेचा फार तिखट होता. मी दुसरी भाकरी मागून घेतली आणि तुझं पुस्तक ऐकत बसले.

प्रमोदिनी